डेलियाचे निरोगी कंद: छोट्या कौटुंबिक शेतावरून कसे घ्यावेत आणि अमेरिकेतल्या अंगणात कसे वाढवावेत

गणपतीच्या सुमारास सिअ‍ॅटलच्या आसपास डेलिया ऐन बहरात असतो. मंडळाच्या गणपतीला घरची फुलं नेली की दरवर्षी कोणीतरी विचारतंच: कंद कुठून घेतले, मला जमेल का, गेल्या वर्षी दुकानातून आणलेले उगवलेच नाहीत, असं का झालं? या प्रश्नांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा लेख. मी वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात राहते, त्यामुळे मुख्य अनुभव इथला आहे. न्यू जर्सी, शिकागो किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना जिथे वेगळं करावं लागेल, तिथे तसं लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. खत कमी पडलं, पाणी जास्त झालं, जागा चुकली, तर पुढच्या वर्षी सुधारता येतं. कंदाबरोबर आलेला विषाणू मात्र त्या झाडातून कधीच जात नाही, त्यावर औषध नाही. म्हणजे झाडाचं आरोग्य बरंचसं विकणाऱ्याच्या शेतातच ठरून आलेलं असतं. म्हणून फुलाच्या फोटोवर भाळण्याआधी शेतकरी कोण आहे ते बघा.

१. आधी झाड समजून घ्या

डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ भागातला. १९६३ पासून तो मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. आपला झेंडूही त्याच प्रदेशातून आलेला, आणि दोघांचं कूळ एकच. दिवसा भरपूर ऊन, रात्री गारवा आणि पाणी न साचणारी जमीन, एवढं मिळालं की हे झाड खूश असतं. प्युजेट साउंडचा, म्हणजे सिअ‍ॅटलच्या आसपासच्या भागाचा, उन्हाळा त्याला म्हणूनच मानवतो. सिअ‍ॅटल शहराने १९१३ मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोने १९२६ मध्ये डेलियाला आपलं अधिकृत फूल केलं.

बहुतेक वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात आठ. त्यामुळे बी पेरलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं. ठरावीक जातीचं फूल हवं असेल तर त्या जातीचा कंद किंवा छाटकलम, हे दोनच मार्ग. १९६७ पासून चालत आलेली ‘कॅफे ओ ले’ ही दुधाळ-गुलाबी जात घ्या. आज जगभर असलेलं तिचं प्रत्येक झाड एकाच मूळ झाडाची वाटणी आहे. वाटणीत फूल जसंच्या तसं येतं, तसा रोगही येतो. मधल्या कोणी रोगट झाड काढून टाकलं नाही, तर तो पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पोहोचतो.

आता डोळा. बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड, म्हणून त्याच्यावर डोळे कुठेही असतात. डेलियाचा कंद हे फुगलेलं मूळ आहे. त्याच्या अंगावर डोळा नसतोच. कंदाची बारीक मान जिथे जुन्या खोडाला चिकटते, त्या जागी, म्हणजे माथ्यावर, डोळा येतो. माथ्याचा तुकडा सोबत नसेल तर कंद कितीही टपोरा असो, तो उगवत नाही. दुकानातले ‘उगवलेच नाहीत’ असे कित्येक कंद मुळात बिनडोळ्याचे किंवा मान मोडलेले असतात.

२. वर्षाचं वेळापत्रक

आपल्या सणांवर हे लक्षात ठेवणं सगळ्यात सोपं जातं.

संक्रांतीच्या आसपास: बहुतेक छोट्या शेतांची विक्री जानेवारी-फेब्रुवारीत उघडते, काहींची नोव्हेंबर-डिसेंबरातच.
पाडवा ते अक्षय्य तृतीया: कंद टपालाने येतात.
अक्षय्य तृतीयेनंतर: जमीन तापली की लावणी. हिमालाही (म्हणजे फ्रॉस्टला) तोवर निरोप दिलेला असावा.
जुलैअखेर ते पहिलं हिम: फुलं. गणपती, गौरी, नवरात्र सगळं यात येतं.
दिवाळी आणि पुढचे दोन-तीन आठवडे: कंद काढणं.

थंड प्रदेशात, म्हणजे मिनेसोटा किंवा शिकागोकडे, लावणी मेअखेरपर्यंत लांबते आणि काढणी दसऱ्यालाच येऊ शकते.

३. शेत कसं निवडायचं

मोठ्या दुकानांत रंगीत चित्राच्या पिशवीतले कंद बहुतेक नेदरलँड्समधून येतात. स्वस्त असतात, पण महिनोन्‌महिने दिव्याखाली सुकलेले, आणि पिशवीवरचं फूल आत असेलच याची खात्री नसते. तिथल्या विक्रेत्याने ते झाड कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे विचारायलाही कोणी नसतं.

छोट्या कौटुंबिक शेतावर हाच फरक आहे. एक-दोन एकरांत नवरा-बायको, कधी त्यांची मुलं, स्वतः लावतात, स्वतः फुलं कापतात, स्वतः कंद विभागतात. प्रत्येक झाड त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं असतं. तरीही शेत छोटं आहे म्हणून ते चांगलंच असेल असं धरून चालू नका. गेल्या काही वर्षांत डेलियाची मागणी खूप वाढली आणि एका हंगामाच्या अनुभवावर अनेकांनी विक्री सुरू केली. म्हणून ऑर्डर देण्याआधी ईमेल करून हे विचारा:

– हंगामात रोगट झाडं तुम्ही कशी ओळखता आणि त्यांचं काय करता?
– विषाणूची तपासणी करता का? सगळ्या साठ्याची की काही नमुन्यांची?
– विभागताना हत्यारं निर्जंतुक करता का? एका गड्ड्यानंतर (एका झाडाच्या कंदांच्या झुबक्यानंतर) की दिवसातून एकदा?
– प्रत्येक कंदाला दिसणारा डोळा असेल का? नसेल तर बदलून देता का?
– ही जात तुमच्या शेतात किमान एक हंगाम फुललेली आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. ‘आमच्याकडे रोग नाहीच’ असं कोणी म्हणालं तर मी तिथून घेत नाही. मोझॅक विषाणू मावा पसरवतो, टोमॅटो स्पॉटेड विल्ट हा दुसरा विषाणू फुलकिडे पसरवतात, आणि हे कीटक प्रत्येक शेतात असतात. ‘संशय आला की झाड उपटून कचऱ्यात टाकतो, यंदा अमुक जात म्हणूनच विकायला नाही,’ असं सांगणारा शेतकरी स्वतःचं नुकसान सोसून तुम्हाला निरोगी कंद देतो आहे. त्याला दोन डॉलर जास्त द्यावेत.

तपासणीबद्दलही नीट समजून घ्या. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत हनू पप्पू यांनी डेलियाच्या विषाणूंवर अनेक वर्षं संशोधन केलं आहे, त्यामुळे या विषयाची जाण इथल्या शेतकऱ्यांत बरीच वाढली. पण तपासणी त्या दिवशी, त्या पानात, ठरावीक विषाणू आहे का एवढंच सांगते. ‘व्हायरस-फ्री’ असा शिक्का मारणाऱ्यापेक्षा कशाची, कधी, किती झाडांची तपासणी केली हे सांगणारा अधिक विश्वासाचा.

शक्य असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात शेत प्रत्यक्ष बघा. बरीच शेतं तेव्हा लोकांना खुली असतात. ओरेगनमध्ये कॅनबी इथे गिट्स कुटुंबाचं ‘स्वान आयलंड डेलियाज’ आहे. ते छोटं नाही, पण निरोगी ओळी कशा दिसतात हे डोळ्यांत भरून घ्यायला जाण्यासारखं आहे. शहरातच बघायचे तर सिअ‍ॅटलचं व्हॉलंटियर पार्क, टॅकोमाचं पॉइंट डिफायन्स आणि सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पार्कमधलं डेलिया डेल. फोटोत कळत नाही अशी झाडाची उंची आणि फुलाचं वजन तिथे कळतं. या बागा सांभाळणाऱ्या स्थानिक डेलिया संस्था वसंतात कंदांची विक्री करतात. भाव वाजवी असतो, आणि विकणारी माणसं तुमच्याच हवामानात डेलिया वाढवणारी असतात.

सापळे:

निळा डेलिया. निळा डेलिया अस्तित्वात नाही. जांभळा आहे, फिकट जांभळा आहे, निळा नाही. निळ्याशार फुलाचा फोटो दाखवून कंद किंवा बी विकणारा फसवतो आहे, मग दुकान कितीही सुंदर दिसो.

नामांकित जात फारच स्वस्त. छोट्या शेतावर नेहमीच्या जातीचा एक कंद बहुतेक सहा ते बारा डॉलरना मिळतो, नवीन किंवा दुर्मीळ जात वीस-तीसच्या पुढे जाते. हीच जात पाच डॉलरला पाच कंद मिळत असेल तर थांबा.

पत्ता नसलेलं दुकान. कोणत्या गावात शेत आहे, शेताचे स्वतःचे फोटो, माणसांची नावं, यातलं काहीच नसेल तर पैसे देऊ नका.

४. ऑर्डर देताना

चांगल्या शेतांची विक्री उघडल्यावर लोकप्रिय जाती काही मिनिटांत संपतात. आधी खातं उघडून ठेवा, पत्ता भरून ठेवा, आणि यादी करा: हव्याच अशा तीन जाती आणि त्या न मिळाल्यास चालतील अशा तीन. घाईत वीस कंद घेण्यापेक्षा पहिल्या वर्षी पाच-सहा घ्या. प्रत्येक झाडाला दीड-दोन फूट जागा आणि एक मजबूत काठी लागते, हे विसरू नका.

नवख्यांनी राक्षसी फुलांच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा इंचांपेक्षा मोठी फुलं येणाऱ्या जातींना फुलं कमी येतात, फांद्या मोडतात, पावसात फूल खराब होतं. सुरुवात बॉल, म्हणजे चेंडूसारख्या गोल फुलांच्या, प्रकारापासून करा. ‘कॉर्नेल’ ही गडद लाल जात घ्या. देठ ताठ, फूल टणक, भरपूर फुलणारी, आणि गणपतीला लाल फूल हवंच. केशरट गुलाबीत ‘जोवी विनी’. गडद पानं आणि मधला भाग उघडा असलेलं लाल फूल आवडत असेल, मधमाश्याही याव्यात असं वाटत असेल, तर ‘बिशप ऑफ लॅनडॅफ’.

जपून ठेवायची कागदपत्रं: ऑर्डरची पावती, शेताचे बदलून देण्याचे नियम (किती दिवसांत कळवायचं, फोटो लागतो का), कंद पाठवण्याचा आठवडा, आणि जातींची यादी. नियमांचं पान विक्रीच्याच दिवशी जतन करा.

५. खोकं आलं की त्याच दिवशी उघडा

कंद हातात घेऊन मान बघा. ती वाकून लोंबत असेल तर आतून तुटली आहे. माथ्यावर बारीक उंचवटा किंवा गुलाबी-हिरवा टिपका दिसतो का ते बघा. डोळा दिसला नाही तर लगेच तक्रार नको. किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, घरातल्या उबदार जागी दोन-तीन आठवडे ठेवा, बहुतेकदा जागा होतो. कंद थोडा सुरकुतलेला असेल तर चालतो. मऊ, पाणी सुटलेला, आंबूस वासाचा चालत नाही. आकाराची काळजी करू नका, तीन इंचांचा कंदही पूर्ण झाड देतो.

आता गाठी. माथ्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा बारीक, जाड, खुरटलेल्या कोंबांचा झुबका असेल तर तो लीफी गॉल हा जिवाणूजन्य रोग असू शकतो. खडबडीत, बेढब गाठ असेल तर क्राउन गॉलचा संशय घ्या. दोन्हींवर उपाय नाही. कंद मातीत घालू नका, फोटो काढून शेताला पाठवा. चांगला शेतकरी पैसे परत करतो आणि स्वतःचा साठाही तपासतो. कंद बंद पिशवीत कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये कधीच नाही. हात धुवा, टेबल पुसा, आणि मगच पुढच्या कंदाला हात लावा.

६. लावणी

लागणारं सामान: पाच-सहा फुटांच्या काठ्या, मऊ सुतळी, न पुसणाऱ्या शाईचं पेन आणि पाट्या, मातीचं तापमान मोजायचा थर्मामीटर, छाटणीची कात्री, ब्लीच, गोगलगायींसाठी आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या.

निदान सहा-आठ तास ऊन असलेली जागा हवी. माती सकाळी ६० अंश फॅरनहाइट (साधारण १५-१६ अंश सेल्सिअस) झाल्याशिवाय लावू नका. गार, ओल्या मातीत कंद कुजतो. आधी काठी रोवा, मग चार ते सहा इंच खोल खड्ड्यात कंद आडवा ठेवा, डोळा वर आणि काठीच्या बाजूला. काठी नंतर ठोकली तर ती कंदातून आरपार जाते. पाटी लगेच लावा.

आता संयम. कोंब वर येईपर्यंत पाणी घालू नका. मुळं नाहीत, तर पाणी पिणार कोण? आपल्याकडे लावलं की पाणी घालायची सवय असते, ती इथे मोडावी लागते. माती अगदीच कोरडी असेल, टेक्सास-अ‍ॅरिझोनासारखी, तरच थोडं ओलावा. कोंब यायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, उकरून बघू नका. कोंब दिसायच्या आधीच गोगलगायींच्या गोळ्या टाका, वॉशिंग्टन-ओरेगनमध्ये कोवळा कोंब त्या एका रात्रीत संपवतात.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर ठेंगण्या जाती निवडा आणि किमान पाच गॅलनची, तळाला भोकं असलेली कुंडी घ्या. घरात कुत्रा-मांजर असेल तर झाड त्यांच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा, त्यांना ते थोडं विषारी आहे.

७. शेंडा खुडा, बांधा, बेताने खायला घाला

झाड फूटभर उंच झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की मधला शेंडा खुडा. नव्या माणसाचा हात इथे थरथरतो, पण खुडल्यावर फांद्या फुटतात आणि फुलं कितीतरी वाढतात.

खतात नत्र कमी ठेवा. पिशवीवरच्या तीन आकड्यांतला पहिला लहान असावा, ५-१०-१० सारखं. नत्र जास्त झालं तर पानं माजतात, फुलं रुसतात आणि कंद साठवणीत टिकत नाहीत. झाड वाढीला लागलं की आठवड्यातून दोन-तीनदा खोल पाणी, शक्यतो ठिबकने. पानांवर संध्याकाळी पाणी मारू नका. सप्टेंबरात भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) तशीही येते, खालची पानं काढून हवा खेळती ठेवली की निभतं. उन्हाळा कडक असेल तिथे दुपारनंतरची सावली द्या, आणि ९५ अंश फॅरनहाइटवर झाड थांबलं तर घाबरू नका, गारवा आला की पुन्हा फुलतं.

न्यू जर्सीकडच्यांना जपानी भुंगेऱ्यांचा त्रास होतो. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, साबणाच्या पाण्यात झटकून टाका. वासाचे सापळे आणखी भुंगेरे बोलावतात. कळ्यांना बारीक जाळीच्या पिशव्या बांधणं सगळ्यात सुरक्षित. उमललेल्या झाडावर कीटकनाशक फवारू नका, मधमाश्या मरतात.

८. रोगट झाड ओळखणं आणि काढून टाकणं

हे प्रकरण लोक टाळतात, कारण फुललेलं झाड उपटणं जिवावर येतं.

जुलैत, झाडं गुडघाभर झाली की, एकदा निवांत प्रत्येक झाडाची पानं उजेडात बघा. शिरांच्या कडेने पिवळे पट्टे, पानावर पिवळ्या-तपकिरी वर्तुळांचे किंवा नागमोडी रेषांचे नक्षीकाम, आणि बाकीच्यांपेक्षा खुजं झाड, ही विषाणूची चिन्हं. खताची कमतरता असेल तर सहसा शेजारच्या झाडांवरही सारखाच पिवळेपणा दिसतो आणि खत दिल्यावर नवीन पानं हिरवी येतात. एकच झाड, वेडीवाकडी नक्षी आणि नवीन पानांवरही तेच, तर संशय पक्का धरा. खात्री करायची असेल तर काउंटीच्या एक्सटेन्शन कार्यालयातल्या (विद्यापीठाच्या शेती-सल्ला केंद्रातल्या) मास्टर गार्डनरना, म्हणजे बागकामाचं प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांना, पान दाखवा किंवा प्रयोगशाळेत पाठवा. तोवर त्या झाडाची फुलं कापू नका, म्हणजे कात्रीवरून रस दुसरीकडे जाणार नाही.

उपटायचं ठरलं तर कंदासकट उपटा आणि कचऱ्यात टाका. कात्री एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा ताज्या द्रावणात बुडवा, मग धुऊन पुसा, नाहीतर गंजते. निरोगी दिसणाऱ्या झाडांतही कात्री बुडवत राहणं चांगलं. एक बादली सोबत ठेवली की सवय होते. आणि अशा झाडाचा कंद मैत्रिणीला ‘तुझ्याकडे बघ जगतोय का’ म्हणून कधीही देऊ नका.

९. फुलं

गुलाबासारखी डेलियाची कळी पाण्यात उमलत नाही. फूल जवळजवळ पूर्ण उमललं की, पहाटे गारव्यात, लांब देठाने कापा. फुलदाणीत चार-पाच दिवस टिकतं. देठ १६० ते १८० अंश फॅरनहाइट गरम पाण्यात उभे ठेवून ते पाणी निवेपर्यंत राहू दिले तर थोडं अधिक टिकतात. सुकलेली फुलं खुडत राहा, नाहीतर झाड बी धरतं. नवी कळी गोल असते, सुकल्या फुलाचं बोंड टोकदार, एवढा फरक लक्षात ठेवा. हारासाठी बॉल आणि पॉमपॉन (त्याहून लहान गोल फुलांचे) प्रकार ओवायला सोपे जातात. मोठ्या फुलांच्या पाकळ्या हात लागला तरी डागाळतात, ती आरासीत ठेवा.

१०. काढणी आणि साठवण

पहिल्या हिमाने झाड काळं पडलं की एक-दोन आठवडे थांबा. मग खोड सहा इंच ठेवून कापा, बुंध्यापासून फूटभर लांब चारी बाजूंनी फावडं घाला आणि गड्डा खालून उचला. खोड धरून ओढला तर माना मोडतात. हिवाळा सौम्य आणि जमीन कोरडी असेल तिथे कंद मातीतच राहू शकतात. सिअ‍ॅटलला थंडीपेक्षा पावसाने कुजायची भीती जास्त, म्हणून मी काढते.

धुऊन, सावलीत एक-दोन दिवस सुकवून, कंदावरच जातीचं नाव लिहा. विभागताना प्रत्येक तुकड्याला मान आणि डोळा आहे ना ते बघा. डोळा दिसत नसेल तर गड्डा अख्खाच ठेवा, मार्चमध्ये डोळे फुगले की विभागा. व्हर्मिक्युलाइट (बागकामाच्या दुकानात मिळणारं हलकं खनिज) किंवा लाकडाच्या कोरड्या भुशात, ४० ते ५० अंश फॅरनहाइट तापमानाला ठेवा. गरम न केलेलं गॅरेज किंवा तळघर चालतं, गोठणारी शेड चालत नाही. महिन्यातून एकदा उघडून कुजलेला कंद काढा, फार सुरकुतले असतील तर पाण्याचा हलका शिडकावा द्या.

११. भारतात न्यायचे आहेत?

पुण्या-नाशिकला आईच्या बागेसाठी दोन कंद बॅगेत टाकावेत असं वाटतं, पण टाकू नका. लागवडीचे कंद भारतात न्यायला आयात परवाना आणि अमेरिकेचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय ते विमानतळावर जप्त होऊ शकतात. महाराष्ट्रात डेलिया हे हिवाळ्याचं फूल आहे, पावसाळा ओसरल्यावर रोपवाटिकांत त्याची रोपं मिळतात. आईला तिथूनच घ्यायला सांगा, आणि पानांवरची नक्षी, खुजेपणा, बुंध्याशी गाठी बघून रोप निवडायला शिकवा.